संकासूरबाईंचं इंजिन

चालू असलेल्या कुठल्याही वस्तूवर बाईंचा विश्वास नसे. ती एकदा बंद करून बघितली की मगच त्या मानायच्या. पहिल्या तासाला त्या वर्गात आल्या तेव्हा हजेरी घेतली नाही, स्वतःचं नावही सांगितलं नाही. छताकडे बोट करून पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "हा पंखा कशाने फिरतोय?"

"विजेने, मॅडम."

"कशावरून?"

मुलगा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बटण बंद केलं. पंखा मंदावला, पण थांबेना. समुद्राकडची खिडकी उघडी होती आणि वाऱ्यावर तो आपला रेंगाळत फिरत राहिला. बाईंनी आधी पंख्याकडे आणि मग आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आम्ही सगळेच त्या कटात सामील आहोत. मग त्यांनी स्वतः जाऊन खिडकी लावली. पंखा थांबला. "आता म्हणा विजेने," त्या म्हणाल्या आणि इंजिनांचा विषय शिकवायला सुरुवात केली.

रत्नागिरीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांना तोंडावर मॅडम आणि माघारी संकासूरबाई म्हणत. शिमग्यात काळा झगा, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावून येणारा संकासूर आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतो. हे नाव एकदा त्यांच्या कानावर गेलं. आम्ही घाबरून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "शंका घेते म्हणून संकासूर? तो शब्द शंखासुरावरून आलाय असं म्हणतात. शंकेशी त्याचा संबंध आहे हे तुम्ही कुठे तपासलंत?" नावाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. व्युत्पत्ती न तपासता ठेवलं, याचा राग होता.

त्या मूळच्या पावसच्या. घरची आंब्याची बाग. तरी हंगामात कुणी पेटी भेट आणली की झाकण उघडून, एकेक आंबा देठाशी हुंगून, मगच आभार मानत. "पेटीवर पावस लिहिलंय, आंब्याच्या अंगावर नाही लिहिलेलं," हे आणणाऱ्याच्या समोरच. मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेल्या तर प्रत्येक बांगड्याचा कल्ला उघडून बघणार. एकदा मी सोबत होते. मासेवाली वैतागून म्हणाली, "बाय, मासा घेतेस की सोयरीक जुळवतेस?" बाईंनी शांतपणे पुढचा बांगडा उचलला.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्या अशा का झाल्या यावर कॉलेजात बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणे ठरलेलं लग्न मोडलं, कुणी म्हणे भावाने बागेत फसवलं. यातली एकही कथा मी खरी मानत नाही. सांगणाऱ्यांपैकी कुणीच त्यांना विचारायला गेलेलं नव्हतं.

सागरची आणि माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती एम.ई.च्या प्रकल्पामुळे. सागर नाटे या बंदराच्या गावचा. घरी मासेमारी, वडिलांची छोटी होडी आणि तिला मागे लावायचं पेट्रोलवर चालणारं इंजिन. एका पावसाळ्याच्या तोंडाला खाडीच्या मुखाशी लाट होडीत आली, स्पार्क प्लग भिजला आणि इंजिन गप्प झालं. वडील आणि काका वल्ह्यांवर कसेबसे किनाऱ्याला लागले. काकांचा खांदा त्या दिवशी जो निखळला तो कधी धड झाला नाही. सागर तेव्हा शाळेत होता. तेव्हापासून स्पार्क प्लग या वस्तूवर त्याचा राग होता. पुढे कुठेतरी त्याने वाचलं, की प्लगऐवजी लेझरनेही इंजिन पेटवता येतं. सिलिंडरला एक जाड पारदर्शक खिडकी बसवायची, भिंगातून लेझरचा झोत आत एका बिंदूवर आणायचा, की पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात मधोमध ठिणगी पडते. झिजणारं धातूचं टोक नाही, भिजणारी वायर नाही. तो हे सांगायला लागला की थांबत नसे.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "खिडकी काळी पडेल."

"पडू नये म्हणूनच काम करायचंय, मॅडम."

"समुद्राच्या हेलकाव्यात भिंग जागेवर राहील?"

"माहीत नाही."

"मला यातलं काहीच पटलेलं नाही," बाई म्हणाल्या. आम्ही उठायला लागलो. "बसा. पटलेलं नाही म्हणूनच घेते. पटलेल्या माणसाने घेतलं तर तपासणार कोण?"

लेझर पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून काही महिन्यांसाठी उसना आला. ज्या दिवशी तो खोक्यातून बाहेर निघाला त्या दिवसापासून बाईंनी आमची प्रयोगशाळा सीमेवरच्या चौकीसारखी चालवली. हा झोत डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर त्यांचा दुप्पट संशय. खिडक्यांना काळे पुठ्ठे. दारात थांबून अंगठ्या, घड्याळं, बांगड्या काढायच्या. चकाकत्या वस्तूवरून झोत उलटला तर डोळा जाईल. खास चष्मा लावल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. कॉलेजचे संचालक एकदा सहज डोकवायला आले, तर त्यांचं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ बाईंनी उतरवायला लावलं आणि शर्टाच्या खिशातलं पेनसुद्धा. "अहो, मी संचालक आहे," ते हसत म्हणाले. "झोताला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

आमचं इंजिन म्हणजे शेतात पाणी उपसायला वापरतात तसलं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. प्लगच्या भोकात सागरने लेझरची खिडकी बसवली. शेजारी दुसरं एक भोक पाडलं होतं, आतला दाब मोजायच्या यंत्रासाठी. ते यंत्र मधेच बिघडलं, म्हणून सागरने ते भोक बोल्ट लावून बंद केलं. त्या दुपारी मी घरी गेले होते आणि बाई कसल्याशा बैठकीत अडकल्या होत्या. बोल्ट लावताना तो एकटाच होता. ही साधी गोष्ट पुढे किती महागात पडणार आहे हे तेव्हा कुणाला वाटणार?

आणि मग एका सकाळी ते इंजिन लेझरवर सुरू झालं. आधी दोनदा खोकलं, मग धडधडायला लागलं. मी ओरडले. सागरने टेबलावर मूठ आपटली. शिपायांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे दाराशी जमले. संचालक धावत आले, आणि या खेपेला त्यांनी आपणहून घड्याळ काढून ठेवलं. मुंबईहून काही मोठी मंडळी पुढच्या आठवड्यात यायची होती. त्यांना हे चालताना दाखवलं की कॉलेजला संशोधन केंद्र मिळेल आणि सागरला तिथेच नोकरी, असं त्यांनी जागेवरच बोलून टाकलं. सागरने वडिलांना फोन लावला आणि इंजिनाचा आवाज ऐकवला.

बाई मात्र इंजिनाकडे कान करून उभ्या होत्या. "सागर, ठिणगीची वेळ मागे घे," त्या म्हणाल्या. त्याने घेतली. "अजून." त्याने आणखी घेतली. ठिणगी उशिरा पडली की इंजिनाचा आवाज जड व्हायला हवा, ते मलूल व्हायला हवं. आवाज होता तसाच राहिला.

"लेझर बंद करा."

"मॅडम, आत्ताच तर..."

"बंद करा."

सागरने लेझर बंद केला. इंजिन धडधडतच राहिलं.

लेझर बंद, प्लग कधीच काढलेला, आणि इंजिन मजेत चाललेलं. बाईंनी पेट्रोल तोडलं तेव्हा ते थांबलं. मग त्या वळल्या. त्यांची नजर त्या बोल्टवर गेली आणि तिथून सागरवर. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "त्या बोल्टच्या जागी काय बसवलंयस?"

सागरने बोल्टकडे पाहिलं. "बोल्टच आहे, मॅडम."

"डिझेल इंजिनात तापणारा प्लग असतो. तुझ्या गावात ढिगाने मिळतात. तो बसवला तर लेझरची गरजच काय? तू एकटा होतास त्या दिवशी."

संचालक "बाई, बाई" करत मधे आले. दाराशी कुजबुज सुरू झाली. सागरने पाना उचलला, इंजिन गार व्हायची वाट न बघता तो बोल्ट सोडवला आणि हातानेच काढून बाईंसमोर टेबलावर ठेवला. बोटं भाजली असणार, पण त्याने तोंडातून आवाज काढला नाही. साधा बोल्ट होता, कुठल्याही दुकानात मिळणारा. त्याने चष्मा काढला, बोल्टशेजारी ठेवला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. संध्याकाळी त्याचा फोन बंद होता. हॉस्टेलवर कळलं की पिशवी घेऊन गावाला गेला.

कॉलेजात तोवर दोन तट पडले होते. काहींच्या मते सागरने काहीतरी केलंच होतं, बोल्ट ऐनवेळी बदलला असणार. काहींच्या मते बाईंना विद्यार्थ्यांचं चांगलं बघवत नाही. संचालकांना दोन्हीत रस नव्हता. ते बाईंना म्हणाले, "चालतंय ना इंजिन? पाहुण्यांना चालताना दिसेल. लेझर बंद करून दाखवायला त्यांनी सांगितलंय का?"

"चालतंय," बाई म्हणाल्या. "पण कशाने चालतंय ते मला माहीत नाही. माहीत होईपर्यंत मी कुणाला दाखवणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आणि मी इंजिनाचं डोकं उघडलं. खिडकी जागेवर धरायला सागरने एक पोलादी कडं बनवलं होतं. त्याची बारीक कड सिलिंडरच्या आत किंचित डोकावत होती आणि तिच्यावर काजळीचं पूट बसलं होतं. इंजिन तापलं की ती कड निखाऱ्यासारखी लाल व्हायची आणि मिश्रण तिच्यावरच पेटायचं. सुरुवात लेझरनेच केली होती. पुढे मात्र काम ती कड करत होती आणि लेझर आत नुसता लुकलुकत होता. कुणी फसवलं नव्हतं. इंजिनानेच आम्हाला सगळ्यांना फसवलं होतं.

बाई ते कडं हातात धरून स्टुलावर बसल्या. त्यांना आपण होऊन बसताना मी प्रयोगशाळेत कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "नाट्याला एसटी कितीला आहे गं?"

मी सोबत गेले. पावस, पूर्णगड, आडिवरे करत गाडी पोचेपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कंडक्टरने दिलेलं तिकीटही त्यांनी त्या दिवशी वाचून पाहिलं नाही. सागरचं घर बंदराच्या वरच्या अंगाला. अंगणात त्याचे वडील जाळं सांधत बसले होते आणि सागर होडीचं इंजिन उघडून त्यावर वाकला होता. आम्हाला बघून तो उठला, पण पुढे आला नाही. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं.

वडील म्हणाले, "या बाय, बसा वायच. च्या घ्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण आपुलकीही नव्हती.

बाई बसल्या नाहीत. पिशवीतून ते कडं काढून त्यांनी सागरसमोर धरलं. "ही कड तापत होती. तिनेच इंजिन चालवलं."

सागरने कडं घेतलं, उन्हात धरून फिरवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. इंजिनवाल्या माणसाला उत्तर सापडल्यावर हलतं तसं. मग ते मावळलं. "हे सांगायला आलात?"

"नाही. इंजिनावर संशय घेतला तो बरोबर होता. तुझ्यावर घेतला तो चूक. तुझी माफी मागायला आलेय."

"माझ्यावर कशावरून घेतलात, मॅडम?"

बाईंचा प्रश्न बाईंना कुणी विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. खाली बंदरात कुणीतरी बर्फ फोडत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"वर्गात ते करणं फक्त तुलाच जमलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणून."

"म्हणजे हात चालतात हा माझा गुन्हा?"

"नाही. माझ्याकडे दुसरा काहीच पुरावा नव्हता. इंजिन मी उघडून बघितलं असतं. माणसाला न उघडता, न विचारता सगळ्यांदेखत बोलले."

वडिलांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "बाय, एक विचारू? त्या टायमाला ह्या पोरीवर घेतला असतात संशय? ती पन होतीच की कामाला." त्यांनी माझ्याकडे हात केला. "का आमचा कोळ्याचा पोरगा म्हनून घेतलात?"

मी मान खाली घातली. मला वाटलं बाई आता नाही म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "काल रात्रीपासून हेच स्वतःला विचारतेय. नाही असं मला खात्रीने सांगता येत नाही."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने आत हाक मारली, "अगो, च्या टाक." बाई खाली बसल्या, आणि समोर आलेला चहा त्यांनी मुकाट्याने प्यायला.

सागर परत यायला तयार झाला, पण एका अटीवर. "सगळ्यांसमोर बोललात ना? मग सगळ्यांसमोरच सांगा." दोन दिवसांनी त्याच खोलीत, संचालक, प्राध्यापक आणि शिपाई जमलेले असताना बाईंनी सांगितलं. कारणं दिली नाहीत, इंजिनावर ढकललं नाही. "सागरवर मी खोटा आळ घेतला होता. तो मागे घेते. त्याने कसलीही लबाडी केलेली नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला आणि कामाला लागल्या.

मुंबईची मंडळी येऊन गेली. बाईंनी त्यांना काही दाखवलं नाही. केंद्र दुसऱ्या गावाला गेलं आणि विभागप्रमुखपद बाईंच्या हाताखालच्या माणसाला मिळालं. संचालक पुढे त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. आम्ही मात्र कडं नव्याने बनवलं. आत काहीही डोकावणार नाही, उष्णता बाहेर निघून जाईल आणि काजळीला बसायला जागाच मिळणार नाही असं. त्यात उन्हाळा गेला. लेझर परत करायची वेळ जवळ येत चालली होती. सागर बाईंशी कामाचं तेवढंच बोले. बाईही जास्त बोलायला जात नसत, पण त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीकडे बघताना आता आधी "मी बघू का?" असं विचारत.

इंजिन पुन्हा सुरू झालं. चांगलं तापेपर्यंत चालू दिलं. ठिणगीची वेळ मागे घेतली तर त्याचा आवाज जड झाला. पुढे आणली तर मोकळा झाला. मग बाईंनी सागरकडे पाहिलं, आणि त्याने आपणहून लेझर बंद केला.

इंजिन बंद पडलं. एकदा उचकी दिली आणि थांबलं.

बंद पडलेल्या इंजिनासमोर उभं राहून आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनीही. दारावरून चाललेला शिपाई थांबून म्हणाला, "काय झालं, बिघडलं?" सागर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

होड्यांना लेझर काही अजून लागलेला नाही, गाड्यांनाही नाही. किंमत फार, खिडकी काळी पडायची भीती अजून आहे, आणि स्पार्क प्लग तर जगभर मिळतो. जगात ठिकठिकाणी यावर काम चालू आहे एवढं खरं. सागर आता पुण्यात एका कारखान्यात इंजिनांच्या चाचण्या करतो. मी रत्नागिरीतच शिकवते. बाई निवृत्त होऊन पावसला राहायला गेल्या. आम्ही अधूनमधून जायचो, बहुतेक वेळा मी एकटीच. सागर सुट्टीत आला की माझ्याबरोबर यायचा, पण अंगणातल्या खुर्चीवर बसायचा, घरात फारसा जात नसे.

यंदा गणपतीनंतर बाई गेल्या. झोपेतच. त्यांच्या भाचीचा मला फोन आला. मी सागरला कळवलं तेव्हा तो पुण्याहून येताना आरवलीपर्यंत पोचला होता. आई आजारी म्हणून गावाला निघालेला. तो तसाच पावसकडे वळला. मी पोचले तर अंगणात माणसं उभी होती, पण तिरडीची तयारी कुठेच दिसेना. भाची म्हणाली, "आत्याने देह मेडिकल कॉलेजला द्यायचं सांगून ठेवलंय. गाडी येतेय."

कुणाला ते पटलं नव्हतं. शेजारची एक बाई हळूच म्हणालीही, "अग्नी नाही, काही नाही. असं कसं पाठवायचं?" भाची रडत होती. सागर म्हणाला, "त्यांनी सांगितलंय ना? मग तसंच करायचं."

गाडी आली. स्ट्रेचर उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा पुढची डावी बाजू सागरने धरली. ड्रायव्हरने विचारलं, "आपण कोण यांचे?" सागरने स्ट्रेचर आत सरकवलं. दार लावलं, आणि गाडी बागेच्या दगडी गडग्याला वळसा घालून डांबरी रस्त्याला लागली.

माणसं पांगली. तो ओसरीच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसले. बऱ्याच वर्षांत विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. "तू त्यांना माफ केलंस, सागर?"

"पूर्ण नाही," तो म्हणाला. "अजूनही ती खोली आठवली की अंग तापतं." त्याने पायरीवरचं वाळकं पान उचलून बाजूला ठेवलं. "पण बाबा गेले तेव्हा मी पुण्याहून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. घरात शिरलो तर आईजवळ बाई बसलेल्या. कुणी कळवलं होतं देव जाणे. सकाळपासून होत्या म्हणे. आईने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, आणि त्या अजिबात न हलता बसल्या होत्या."

हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी कधी सांगितलं नव्हतं.

"त्याचं मी कधी बोललो नाही त्यांच्याजवळ," सागर म्हणाला. "पुढच्या खेपेला बोलू म्हणायचो."

मग तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. आतून भाचीने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. त्याच्या आईचा फोन दोनदा वाजला. मी तो घेतला, आणि सागरला यायला उशीर होईल म्हणून सांगितलं.